भावंड : होय / नाही

मागच्या वर्षी ताथवड्याला एका साखरपुड्यात जेवणाच्या रांगेत उभा होतो. चाकणच्या कंपनीतला माझा जुना सहकारी मागून आला आणि पाठीवर थाप मारून म्हणाला, "काय राव गायकवाड, एक्सपोर्ट काही सुटत नाही तुझं! आधी गिअर पाठवायचास, आता पोरं पाठवतोस."

रांगेतले चार जण हसले. मी हसलो नाही. म्हणालो, "गिअर परत आला तर दुरुस्त करून पुन्हा पाठवता येतो. मूल परत आलं तर काय करायचं, ते तू सांग."

"अरे भावा, गंमत केली."

गंमत केली हे मला कळत होतं. पण गंमत संपल्यावर तो खरा प्रश्न विचारतोच, आणि त्यानेही विचारला. "पण खरंच, आपली पोरं परक्या मुलखात कशाला पाठवायची? इथे कोणी मिळत नाही का?"

हा प्रश्न मला अकरा वर्षांत नातेवाइकांनी, शेजाऱ्यांनी, रिक्षावाल्यांनी आणि एकदा दाढी करता करता न्हाव्यानेही विचारला आहे. दर वेळी अर्धवट उत्तर देऊन मी विषय बदलत आलो. आज बदलणार नाही.

मी बावन्न वर्षांचा आहे, संत तुकाराम नगरात राहतो. अठरा वर्षं चाकणला गिअर बनवणाऱ्या कंपनीत तपासणी खात्यात, मायक्रोमीटरने मापं घेत होतो. कंपनीने ती लाइन दुसऱ्या राज्यात हलवली तेव्हा मी हललो नाही, कारण मुलगी दहावीला होती. ओळखीतून कासारवाडीजवळच्या एका संस्थेत लागलो. सहा वर्षांखालच्या मुलांचं शिशुगृह आणि त्याहून मोठ्या मुलींचं बालगृह, दोन्ही एकाच आवारात. माझं काम नोंदी ठेवण्याचं आणि दत्तकाच्या पत्रव्यवहाराचं. पहिल्या दिवशी डबा हातात देताना बायको म्हणाली, "अहो, लेकरांच्या घरात चाललाय. मायक्रोमीटर घरी ठेवून जा."

ठेवला नाही. ठेवायला नको होता, असं आजही माझं मत आहे.

बाहेरच्यांना कळावं म्हणून कायदा सोपा करून सांगतो. परदेशातल्या जोडप्याला आमच्याकडे येऊन 'हे मूल द्या' असं म्हणता येत नाही. त्यांनी आपल्या देशातल्या मान्यताप्राप्त संस्थेकडे अर्ज करायचा. तिथली समाजसेविका त्यांच्या घरी जाते, त्यांचं उत्पन्न, आजारपणं, भांडणं, सगळं पाहून अहवाल लिहिते. त्या देशाच्या सरकारने हो म्हटलं की कागद दिल्लीला केंद्राच्या दत्तक कार्यालयात येतात. इकडे मुलाच्या बाजूने आधी बाल कल्याण समिती चौकशी करते. पोलिसांचा अहवाल, वर्तमानपत्रात फोटो, गावाकडे पत्रं. दोन वर्षांवरच्या मुलासाठी या सगळ्याला चार महिने धरलेले आहेत. मुलाचं कोणीच उरलेलं नाही किंवा असलेले सांभाळायला तयार नाहीत, अशी खात्री झाल्यावरच समिती त्याला दत्तकासाठी मोकळं ठरवते. त्यानंतरही मूल आधी देशातल्या घरांना दाखवलं जातं. इथून कोणी हो म्हटलं नाही, तरच त्याचं नाव बाहेर जातं.

म्हणजे बाहेर कोण जातं? पाच-सहा वर्षांच्या पुढची मुलं, दोन-तीन भावंडं, कुणाचं हृदयाचं ऑपरेशन झालेलं, कुणाला एका कानाने ऐकू न येणारं. इथल्या घरांना तान्हं हवं असतं आणि निरोगी हवं असतं. मी दोष देत नाही. पण 'आपली पोरं परक्यांना कशाला' असं विचारणाऱ्याला मी लगेच विचारतो, "तुमच्याकडे पाठवू का? पत्ता सांगा." अकरा वर्षांत एकानेही पत्ता सांगितलेला नाही. साखरपुड्यातल्या मित्रानेही बासुंदीकडे लक्ष वळवलं.

आपलीच माणसं कायद्याला कशी हसतात, तेही सांगतो. एक इंजिनिअर जर्मनीला राहणारा, सुट्टीत घरी आला होता. वारलेल्या धाकट्या भावाचा मुलगा त्याला बरोबर न्यायचा होता. सोबत त्याची आई होती. त्यांनी घरी ब्राह्मण बोलावून विधी केला होता, नातेवाइकांचे फोटो होते आणि स्टँप पेपरवर नोटरीचा शिक्का होता.

"सुनेने पोराला मोठीच्या ओटीत घातलं, पंचवीस माणसं साक्षीला होती," आजी म्हणाल्या. "आता आणखी काय पाहिजे तुम्हाला?"

मी म्हणालो, "आजी, घरात तो तुमच्या मोठ्या सुनेचा मुलगा झाला, मला मान्य आहे. पण विमानतळावर ओटी दाखवून चालत नाही."

इंजिनिअर चिडला. आपण हिंदू, आपला वेगळा दत्तक कायदा आहे, असं त्याने मला ऐकवलं. आहेच. पण मूल देशाबाहेर जाणार असेल, तर तो दत्तक नोंदवावा लागतो, जिल्हाधिकाऱ्यांकडून पडताळणी होते आणि दिल्लीहून ना-हरकत यावी लागते. कारण त्या देशाशी आपला करार आहे, आणि करारात दोन्ही सरकारांनी मुलाची जबाबदारी घेतलेली असते. आजी जाताना म्हणाल्या, "रक्ताच्या नातवाला न्यायला एवढे कागद? चोराला तरी एवढे लागतात का?" चोराला कागद लागत नाहीत, आजी, म्हणूनच हा कायदा आहे. हे उत्तर मला त्या गेल्यावर सुचलं. मुलगा वर्षभराने रीतसर गेला.

आता मायक्रोमीटर का घेऊन गेलो, ते सांगतो. कंपनीत प्रत्येक गिअरवर लॉट नंबर ठोकलेला असायचा. तो गिअर दहा वर्षांनी दुसऱ्या टोकाच्या देशात तुटला, तरी कुठल्या सळईचा, कुठल्या शिफ्टचा, कोणी तपासला, हे आम्ही सांगू शकायचो. मुलाची फाइल म्हणजे तेच. दत्तक गेलेलं मूल अठरा वर्षांचं झालं की आपलं मूळ विचारायचा हक्क त्याला कायद्याने आहे. तेव्हा फाइल उघडते. आत जे लिहिलं असेल, तेवढंच त्याला मिळतं.

एकदा चाळिशीच्या आसपासची एक बाई आली. वर्षाची असताना थंड देशात गेलेली, मराठीचा एक शब्द येत नाही, चेहरा मात्र असा की पिंपरीच्या भाजी मंडईत उभी राहिली तर भाव विचारतील. तिची फाइल माझ्या आधीच्या काळातली. आत एकच वाक्य: रेल्वे स्टेशनच्या बाकावर सापडली. तिला ते बाक पाहायचं होतं. दुभाष्या घेऊन, फुलं घेऊन आली होती.

माझा स्वभाव म्हणून मी त्या काळातल्या बाकीच्या फाइली काढल्या. नऊ फाइलींत तेच वाक्य होतं, त्याच अक्षरात. नऊ मुलं त्याच बाकावर सापडणं शक्य नाही. ज्यांनी लिहिलं, त्यांनी दयेपोटी लिहिलं असणार. कुणा कुमारी मातेचं नाव झाकायला, कुणाच्या घरची अब्रू राखायला. मी तिला खरं सांगितलं की हे वाक्य खरं असेलच असं नाही. तिने दुभाष्यामार्फत विचारलं, "मग मी कुठे सापडले?" तिने फुलं आमच्या टेबलावर ठेवली आणि गेली. त्या दिवसापासून मी ठरवलं की माझ्या हाताखालून दयेचं खोटं जाणार नाही. पुढे या ठरावाची परीक्षा दोन मुलींनी घेतली.

त्यांची नावं सांगायला कायद्याने बंदी आहे आणि मलाही सांगायची नाहीत. मोठीला गोदा म्हणू, धाकटीला रेणू. वयं मी एखाद-दुसऱ्या महिन्याने हलवली आहेत. दोघींच्या वयातला फरक मात्र खरा ठेवला आहे, कारण गोष्ट त्या फरकाचीच आहे.

चाकणच्या बाजूला बांधकाम मजुरांच्या वस्तीत त्यांची माय काविळीने गेली. माणसं मराठवाड्यातली. बाप म्हणून कोणी पुढे आला नाही. पोलिसांनी मुली समितीपुढे आणल्या आणि समितीने आमच्याकडे. गोदा अंगाने थोराड, डाव्या पायाची बोटं लहानपणी भाजून एकमेकांना चिकटलेली, त्यामुळे लंगडत चालायची. रेणू चिमणीएवढी. कागद काहीच नव्हते. डॉक्टरांनी दातांवरून आणि अंगावरून वयं लिहिली: गोदा अंदाजे साडेपाच, रेणू अंदाजे चार. मी प्रवेशाचा फॉर्म भरत होतो. त्यात छापील ओळ आहे, 'भावंड : होय / नाही'. मी गोदाला विचारलं, "ही तुझी कोण?"

"बहीण."

"सख्खी?"

"सख्खी." माझ्या डोळ्यांत बघून म्हणाली.

मी 'होय'वर गोल केला. त्या गोलामुळे पुढचं सगळं ठरलं. भावंडांना शक्यतो वेगळं करायचं नाही, हा नियम आहे. चौकशी झाली, गावाकडच्या पत्रांना उत्तर आलं नाही, मुली मोकळ्या ठरल्या, दोघींचं नाव एकत्र यादीत गेलं. इथल्या दोन घरांनी रेणूबद्दल विचारलं. "मोठीचं काय?" म्हटलं की फोन थंड व्हायचा. शेवटी इटलीतल्या एका जोडप्याने दोघींना हो म्हटलं. नवरा शाळेत गणित शिकवतो, बायको रेल्वेत आहे. गोदाच्या पायाचे एक्स-रे त्यांनी तिथल्या सर्जनला आधीच दाखवून ठेवले होते. दोघींचा मुक्काम तोवर दोन वर्षांचा झाला होता.

दिल्लीला ना-हरकतीसाठी कागद पाठवायच्या आठवड्यात फाटकावर एक बाई आली. मुक्ताबाई, वस्तीतली शेजारीण. मधली दोन वर्षं ती दुसऱ्या साइटवर होती, आता परत आली. मेलेल्या बाईची एक प्लास्टिकची पिशवी तिने जपून ठेवली होती. "लेकराईचं हाय ते लेकराईला द्यावं म्हून आले," म्हणाली.

पिशवीत एक साडी, दोन बांगड्या आणि सरकारी दवाखान्यातली लसीकरणाची दोन कार्डं. मी कार्डं उघडली. जन्मतारखा वाचल्या. पुन्हा वाचल्या. मग कागदावर वजाबाकी केली, जी खरं तर तोंडी होण्यासारखी होती.

पाच महिने.

दोघींत पाच महिन्यांचं अंतर. एका बाईला पाच महिन्यांच्या अंतराने दोन मुलं होत नाहीत. आईच्या नावाच्या ओळीत दोन वेगळी नावं होती.

"मुक्ताबाई, या सख्ख्या बहिणी नाहीत?"

बाईने पदर तोंडाला लावला. "मावसबहिणी हायत साहेब. गोदीची माय बाळंतपणातच गेली. बाप तर ती पोटात असतानाच इहिरीच्या कामावर दबला. मग मावशीनं घेतली. हिला स्वतःची रेणी झाली तवा दोघीला एका अंगावर पाजलं. एकीकडं ही, एकीकडं ती. दूधबहिणी हायत."

"मग गोदाने सख्खी का सांगितलं?"

"म्याच शिकवलं. पोलीस आले तवा कानात सांगितलं, सख्ख्या हाव म्हण, न्हाईतर येगळं करतेन."

आमच्या अधीक्षक देशमाने मॅडम शेजारीच बसल्या होत्या. बाई गेल्यावर त्यांनी कार्डं पिशवीत ठेवली, पिशवीला गाठ मारली आणि म्हणाल्या, "गायकवाड, ही पिशवी मी पाहिली नाही. तुम्हीही पाहिली नाही."

"मॅडम, मी वाचलंय."

"वाचलंय ते विसरा. कायद्याला सख्खी लागते. मावसबहीण म्हटली की दोन फाइली होतील. रेणूला उद्या इथे घर मिळेल. निरोगी आहे, गोड आहे. आणि गोदा? पुढच्या अकरा वर्षांचा हिशेब करा तुमच्या वहीत. अठरा होईपर्यंत इथेच."

त्या मनाने वाईट नव्हत्या. उलट मुलींसाठीच बोलत होत्या. आमच्या आया हिराबाई, मावळातल्या, दारात उभ्या राहून ऐकत होत्या. त्याही म्हणाल्या, "साहेब, दोघी एका चादरीत झोपत्यात. ईस कागद बघा तुमी, पन त्यो येक नका बघू. आमी न्हाई कुनाला सांगनार."

घरी सांगितलं तर बायकोही त्यांच्याच बाजूने. "अहो, बहिणी असं लिहिलंय आणि बहिणीच आहेत त्या. तुम्हाला काय सुख मिळणार आहे दुरुस्त करून?"

मी त्या सगळ्यांना तेव्हा जे सांगितलं, तेच इथे लिहितो. सुखाचा प्रश्न नाही. उद्या गोदा तीस वर्षांची होऊन फाइल मागेल, तेव्हा तिच्या खऱ्या आईचं नाव जगात फक्त त्या कार्डावर असणार. ती पिशवी मी फेकली, तर त्या बाईला दुसऱ्यांदा मारल्यासारखं होईल. शिवाय खोट्यावर उभा राहिलेला आदेश कधीही कोसळू शकतो. तो आमच्यावर नाही, मुलींवर कोसळेल. आणि तिसरी गोष्ट, जिच्यावर मी खरा अडलो: दोघींना एकत्र ठेवायला खोटं बोलावं लागतं, हे आपण कुणाला विचारून ठरवलं? कायदा मी वाचला होता. त्यात मुलाचं हित आधी येतं. मुलाची इच्छा विचारात घ्या, असंही लिहिलंय. मग खरं सांगून एकत्र ठेवा, असं मागायला आपण घाबरतो कशाला? आधी मागून तर पाहू.

मॅडम म्हणाल्या, "आणि नाही म्हणाले तर?"

"तर पापाचा धनी मी. तसं लिहून देतो."

"लिहून द्याच," त्या म्हणाल्या. मी खरंच लिहून दिलं. तो कागद आजही फाइलला लावलेला आहे.

दुरुस्तीच्या पत्रात मी नातं लिहिलं, 'दूधबहीण'. समितीपुढे मुक्ताबाईचा जबाब झाला. ग्रामपंचायतीतून गोदाच्या आईबापाच्या मृत्यूच्या नोंदी आल्या. समितीतल्या एका वकीलबाईंनी रास्त प्रश्न विचारला. "गायकवाड, दूधबहीण हे नातं कायद्यात कुठे आहे?"

"कुठे नाही," मी म्हणालो. "पण मुली आहेत. त्यांना एका बाईने एका वेळी दोन्ही अंगांवर पाजलंय. दोघी पाच वर्षं एका झोपडीत आणि दोन वर्षं आमच्याकडे एका चादरीत झोपल्यात. कायद्यात शब्द नाही म्हणून मुलींनी कुठे जायचं?"

"आवाज खाली ठेवा."

ठेवला. त्यांनी गोदाशी समुपदेशकाला बोलायला सांगितलं, कारण तिची इच्छा नोंदवायची तर आधी तिला खरं माहीत हवं. कार्ड वाचताना हा विचार मी केला नव्हता. पोरगी ज्या बाईला माय म्हणून रडली, ती तिची माय नव्हती, हे आता तिला माझ्यामुळे कळणार होतं.

समुपदेशक ताई तिच्याशी हळूहळू बोलायला लागल्या. मी कोपऱ्यात नोंद घेत होतो. ताई दोन वाक्यं बोलल्या असतील, तेवढ्यात गोदा म्हणाली, "मला माहितंय."

"काय माहितंय, बाळा?"

"माझी माय दुसरी होती. मला पहिल्यापासून माहितंय." मग तिने माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही कशाला वाचलं ते? रेणीला माहीत नाही. तिला सांगू नका."

दोन वर्षं त्या पोरीने ते एकटीने सांभाळलं होतं. आमच्या सगळ्या तपासण्यांतून, डॉक्टरांतून, फॉर्मांतून पार नेलं होतं. मी अठरा वर्षं तपासणी खात्यात काढली, पण इतका पक्का माल माझ्या हाताखालून गेला नव्हता. त्यानंतर गोदा माझ्याशी बोलेनाशी झाली. आधी रोज सकाळी "चष्मेवाले काका" म्हणून हाक मारायची. आता मी आलो की तोंड फिरवून रेणूचा हात धरून लंगडत निघून जायची. मी तिच्या जागी असतो तर मीही तेच केलं असतं.

समितीने दोघी एकत्र वाढल्याचं मान्य करून एकत्रच ठेवाव्यात असं लिहिलं. पण कागद दिल्लीला गेले, तिथून विचारणा आली: 'दूधबहीण' या शब्दाचा इंग्रजी प्रतिशब्द कळवा आणि इटलीच्या बाजूला हे नातं मान्य आहे का, तेही कळवा. इंग्रजी शब्दासाठी मी दोन शब्दकोश चाळले, एका प्राध्यापकांना फोन केला. ते म्हणाले, "आया, दाई असलं काही चालेल का?" चालणार नव्हतं. शेवटी मी मराठी शब्दच रोमन अक्षरांत लिहिला आणि खाली चार ओळींत अर्थ दिला. 'कझिन' हा सोयीचा इंग्रजी शब्द टाकायला मी नकार दिला. त्याने पाच महिन्यांचा खुलासा झाला असता, पण चादरीचा झाला नसता.

मग व्हिडिओ कॉल ठरला. तिकडे ते जोडपं, त्यांच्या संस्थेची बाई आणि पुण्यात इटालियन शिकवणारी एक मुलगी दुभाषी म्हणून. मी सगळं सांगितलं. मुली सख्ख्या नाहीत, आमच्या नोंदीत चूक होती, ती मी केली होती, आणि आता तुम्ही नाही म्हणू शकता. दुभाषी मुलीने भाषांतर सुरू केलं. 'दूधबहीण'पाशी ती अडखळली, मग तिने तिकडच्या भाषेत समजावून सांगितलं. तिकडून तो गणिताचा मास्तर एकदम पुढे वाकून काहीतरी बोलला. बायकोनेही मान डोलावली. दुभाषी हसायला लागली.

"काय म्हणतात?"

"सोरेल्ला दी लात्ते. दुधाची बहीण. शब्दाला शब्द. त्यांच्याकडे जुन्या लोकांत आहे म्हणे हे नातं. त्यांच्या आजीला एक होती. आणि ते विचारतायत, यात अडचण काय आहे?"

मी म्हणालो, "त्यांना सांगा, अडचण एवढीच आहे की मधल्या माणसांकडे शब्द नाही."

तिकडच्या सरकारने तसं पत्र दिलं. ना-हरकत आली. माझ्या दुरुस्तीने एकूण साडेचार महिने गेले. तेवढ्यात गोदाचे पुढचे दोन दात पडले, तिच्या पायाचं ऑपरेशन पुढे ढकललं गेलं, आणि मायच्या मरणाची हकीकत तिला तीन वेगवेगळ्या टेबलांपुढे सांगावी लागली. हे मी माझ्या नावावर घेतो. पुन्हा तशी पिशवी आली तर पुन्हा उघडेन, पण हे माझ्या नावावरच राहील.

शेवटची सुनावणी पुण्याला होती. हल्ली दत्तकाचे आदेश जिल्हाधिकारी देतात, दार बंद करून. इटलीचं जोडपं आलं होतं. मास्तरांनी कोट घातला होता आणि त्यांना घाम येत होता. मॅडम होत्या, मी फाइल घेऊन होतो. दोघी मुली एकाच खुर्चीवर बसल्या. दुसरी खुर्ची आणली होती, ती रिकामीच राहिली.

साहेब तरुण होते, कागद वाचून आले होते. गोदाला जवळ बोलावलं. रेणू अर्थातच मागोमाग आली.

"तुझं नाव काय? कितवीत आहेस? या काका-काकूंबरोबर जायचंय का?" गोदाने सगळ्यांची नीट उत्तरं दिली. मग साहेबांनी रेणूकडे बोट केलं आणि, मुलांशी बोलतो तशा सहज आवाजात, विचारलं, "आणि ही तुझी कोण गं?"

रेणू तिच्या कोपराला धरून वर बघत होती. मी जागेवर अर्धा उठलो. साहेबांना थांबवायचं होतं, पण काय म्हणून थांबवणार?

"बहीण," गोदा म्हणाली.

साहेबांचं बोट कागदावर होतं. "म्हणजे मावस—"

"सख्खी," गोदाने मध्येच तोडलं. मोठ्याने. दाराजवळच्या शिपायाने वळून पाहिलं.

मॅडमनी डोळे मिटले. साहेबांनी समोरची फाइल पाहिली, ज्यात मी चार ठिकाणी लाल शाईने दुरुस्ती केली होती आणि प्रत्येक दुरुस्तीखाली सही केली होती. मग माझ्याकडे पाहिलं. "नोंदी तुम्ही ठेवता ना? मुलगी म्हणते ते बरोबर आहे का?"

गोदाही माझ्याकडे बघत होती. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा.

"साहेब," मी म्हणालो, "कागदावर आहे ते बरोबर आहे. आणि ती म्हणते तेही बरोबर आहे. तिचं म्हणणं तिच्या शब्दांत नोंदवावं, अशी माझी विनंती आहे. कायद्यात तशी तरतूद आहे."

साहेबांनी लेखनिकाला सांगितलं, "लिहा. मोठ्या मुलीचं म्हणणं: ही माझी सख्खी बहीण आहे, आम्ही दोघी बरोबर जाणार." मग गोदाला विचारलं, "बरोबर लिहिलं का?"

गोदाला अजून धड वाचता येत नव्हतं. तिने लेखनिकाच्या वहीत वाकून त्या ओळीवर बोट ठेवलं, शेवटपर्यंत नेलं आणि म्हणाली, "हां. आता यात काही खोडू नका."

मी पेनाला टोपण लावलं.